आईचे नऊ गुण

आयुष्याबद्दलचं समाधान मोजायला एक साधी शिडी वापरतात. तळाला ०, टोकाला १०. आज तुम्ही कितव्या पायरीवर आहात, एवढंच सांगायचं. आनंदी देशांची यादी दरवर्षी येते ना, तिच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. अशा पाहण्यांतून काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. उत्पन्न वाढलं की समाधान वाढतं, पण गरिबाला हजार रुपयांनी जेवढा फरक पडतो तेवढा श्रीमंताला पडत नाही. नोकरी गेली की नुसता पगार बुडत नाही, त्याहून बरंच काही बुडतं. आणि तब्येत ढासळली की पायरीही उतरते.

मी घरी विचारून पाहिलं. बाबा म्हणाले, ‘‘सहा.’’ त्यांना पेन्शन आहे, शुगर ताब्यात आहे, रोज सकाळी फिरायला जातात. आई म्हणाली, ‘‘नऊ. मला काय कमी आहे?’’ आईचे गुडघे गेलेत. जिना उतरवत नाही म्हणून ती देवळातही जात नाही. स्वतःची कमाई म्हणून तिच्या हातात कधी रुपया पडलेला नाही.

हे कोडं जुनं आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये आरोग्याची एक पाहणी झाली. तब्येत बरी नाही किंवा यथातथाच आहे, असं सांगणारे विधुर जवळपास निम्मे होते. आणि विधवा? शंभरात तीनसुद्धा नाहीत. अमर्त्य सेन हा दाखला देतात. त्यांचं म्हणणं असं, की सतत कमी मिळालेलं माणूस जगता यावं म्हणून आपल्या अपेक्षाच छाटून घेतं. म्हणून ‘समाधानी आहेस का?’ एवढं विचारून भागत नाही. त्या माणसाला काय काय करता येतं, तेही पाहावं लागतं.

मग आईचे नऊ खोटे? असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिचं समाधान तिने मिळवलेलं आहे, ते तपासणारा मी कोण? खोट तिच्या उत्तरात नाहीच. ते ऐकून आम्ही सगळे निर्धास्त झालो, त्यात आहे. नऊ गुण सांगणाऱ्या बाईला डॉक्टरकडे न्यायची घाई कोण करेल?

मी प्रश्न बदलला. ‘‘कोणाला न विचारता पाचशे रुपये शेवटचे कधी खर्च केलेस?’’ ती हसली आणि बराच वेळ आठवत राहिली.

‘‘आणि गुडघे दुखत नसते, तर कुठे गेली असतीस?’’

याचं उत्तर मात्र लगेच आलं. ‘‘ताईकडे. दोन वर्षं झाली.’’

मावशीचं घर बसने चार स्टॉपवर आहे.