तेलात शिसे नाही, हे कशावरून?

खाद्यतेलाच्या तपासणी अहवालात शिशापुढे बहुधा ‘बीडीएल’ एवढीच अक्षरे असतात. म्हणजे शोधमर्यादेच्या खाली. ग्राहक त्याचा अर्थ ‘शिसे नाही’ असा घेतो. रसायनतज्ज्ञ मात्र ‘सापडले नाही’ यापुढे जात नाही. सापडले नाही आणि नाही, यांतल्या अंतरावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला आहे.

एखादी वस्तू नाही, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? जमिनीवर घट नाही हे प्रत्यक्षानेच कळते, असे नैयायिक म्हणतात. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानले. अद्वैत वेदान्तानेही ते स्वीकारले. पण नुसते न दिसणे पुरत नाही. अंधारात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असे ठरत नाही. ‘असता तर दिसलाच असता’ अशी स्थिती हवी. हीच योग्यानुपलब्धी.

प्रयोगशाळेची बरीच मेहनत ही योग्यता मिळवण्यात खर्ची पडते. तेल नायट्रिक आम्लात घालून मायक्रोवेव्हच्या उष्णतेने पचवतात, मग त्यातली धातूंची मात्रा आयसीपी-एमएस किंवा ग्राफाइट फर्नेसच्या उपकरणावर मोजतात. तेल न घालता नुसती रसायनेही त्याच वाटेने नेतात, हा ‘ब्लँक’. ब्लँकच्या वाचनांत जो चढउतार दिसतो, त्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट म्हणजे प्रचलित शोधमर्यादा. शिवाय त्याच तेलात मोजून शिसे मिसळतात आणि ते जवळजवळ सगळे परत मिळते का, हे पाहतात. मिसळलेलेच हरवले, तर ‘सापडले नाही’ या निष्कर्षाला काही किंमत उरत नाही.

मग संपूर्ण अभाव कधी सिद्ध होतो का? तांब्याचे उदाहरण घेऊ. तांबे आणि लोह अल्प प्रमाणातही तेलाचे ऑक्सिडीकरण वाढवतात आणि ते खवट करतात. म्हणून कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात रिफाइंड तेलासाठी लोहाची मर्यादा किलोमागे १.५ मिलिग्रॅम आणि तांब्याची ०.१ मिलिग्रॅम आहे. पण ०.१ मिलिग्रॅम तांब्यातही एकावर अठरा शून्ये, जवळजवळ इतके अणू असतात. मानकात बसणारे तेलही तांब्यापासून पूर्ण मुक्त असेलच असे नाही.

याचा अर्थ शुद्धता हा भ्रम आहे, असा नव्हे. अभावाचे ज्ञान खरे असते, पण ज्या साधनाने शोध घेतला त्याच्या क्षमतेइतकेच. कोडेक्सने खाद्यतेलात शिशाला किलोमागे ०.०८ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. ज्या पद्धतीला १ मिलिग्रॅमखालचे काही दिसतच नाही, तिने दिलेले ‘बीडीएल’ ग्राहकाला काहीच सांगत नाही. शिशाची सुरक्षित पातळी आजवर ठरवता आलेली नाही, म्हणून ही बाब गंभीर आहे. प्रयोगशाळांनी ‘बीडीएल’शेजारी शोधमर्यादेचा आकडा छापावा, आणि तो नसेल तर ग्राहकाने विचारून घ्यावा.