मोड आणि मोडी

जुनी स्पोर्ट्स कार विकायला निघते तेव्हा जाहिरातीत ‘अगदी मूळ अवस्थेत’ हे शब्द असतात आणि त्यांच्याच शेजारी ‘रंगकाम नवे, गाद्या नव्या, इंजिनकाम पूर्ण’ असेही छापलेले असते. एका वाक्याने दुसरे खोडले जाते, तरी ते कुणाला खटकत नाही. मला ते सलते. अशा गाड्यांना लाखो-कोटींचा भाव येतो हे सगळ्यांना माहीत आहे. तो भाव नेमका कशाचा, हे मात्र विचारले जात नाही.

खानदेशात या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारच्या दोन शहरांत सापडतात. जळगावच्या सराफ बाजारात आजीची पाटली मोडायला नेली की ती तराजूत पडते, घट वजा होते, घडणावळ बुडते आणि उरलेल्या सोन्याचा पैसा हाती येतो. सोन्यापुरते हे रास्तच आहे, कारण वितळलेले सोने पुन्हा सोनेच असते. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जपलेल्या मोडी कागदांना हा हिशेब लागू होत नाही. शाईचा फिकटपणा, घडीची रेघ, अक्षराचे वळण, मध्येच केलेली खाडाखोड, हे सगळे तिथे पुरावा असते. नव्या कागदावर सुवाच्य नक्कल करून जुना कागद फेकला, तर मजकूर राहील आणि साक्ष जाईल. जपलेली गाडी माझ्या लेखी या कागदाच्या जातीची आहे. कारखान्यात बसलेला पहिला रंग एकदाच बसतो. तो खरवडला की त्या काळच्या हाताची खूणही त्याच्याबरोबर जाते.

बाजारालाही हे कधीकधी कळते. इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या माज्जोरे सरोवराच्या तळाशी सत्तरहून अधिक वर्षे पडलेली एक बुगाटी २००९ मध्ये वर काढली गेली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लिलावात २,६०,५०० युरोंना विकली गेली. गंजलेल्या सांगाड्याला मिळालेला तो भाव लोखंडाचा नव्हता. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, तीही गाडीचे मूळ रूप राखलेले असेल तरच. पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्यात हस्तलिखिताला ७५ वर्षांची आणि इतर बहुतेक वस्तूंना १०० वर्षांची अट आहे. त्या मानाने गाडीला हा मान लवकर मिळाला.

गाडीचे मोल तिच्या नोंदीत असते, हे सांगताना इंदूरच्या होळकरांची आठवण होणे साहजिक आहे. दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोनच आसनांची लांबलचक बॉडी बांधून घेतली. पुढे ती गाडी अमेरिकेत गेली आणि त्यांच्या माणिकबाग राजवाड्यातले फर्निचर १९८० मध्ये माँटे कार्लोच्या लिलावात विकले गेले. वस्तू पांगल्या, याचे दुःख खरेच आहे. तरी ती गाडी आजही होळकरांचीच म्हणून ओळखली जाते. कुणी, कुणासाठी, कुठे बांधली, याची नोंद तिच्यासोबत राहिली म्हणून.

माझा प्रतिपक्षी म्हणतो, ‘स्पोर्ट्स कार धावण्यासाठी घडली. झाकून ठेवली तर ती गाडी राहत नाही, तिची मूर्ती होते.’ धावली की गाडी झिजते, टायर-रिंगा बदलाव्या लागतात, मग मूळ काय उरणार, हे माझे उत्तर मला बरेच दिवस पुरेसे वाटत होते. पण उभी गाडीही नासतेच. कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो, रबरी सील वाळतात, ब्रेकचे सिलिंडर गंजतात, इंजिन जाम होते. शिवाय धुळ्याचे मंडळ ज्यांच्या नावाने आहे त्या इतिहाससंशोधक राजवाड्यांनी कागद नुसते कपाटात घातले नाहीत. गावोगाव हिंडून ते मिळवले, वाचले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने २२ खंडांत छापले. न वाचलेली मोडी कसरीच्या पोटात जाते. गाडीचा मजकूर तिच्या चालण्यात आहे. गिअर पडतानाचा आवाज, स्टिअरिंगचे वजन, चढावरचा इंजिनाचा सूर हे छायाचित्रात उतरत नाही. तेव्हा गाडी चालली पाहिजे, बेताने आणि जपून. रोजच्या वापराला मनाई करून रॅली आणि प्रदर्शनाला मुभा देणाऱ्या नियमांचाही रोख तोच आहे.

हे मान्य केले की मूळ आणि नवे हा माझा लाडका भेद टिकत नाही. टिकतो तो नोंदवलेल्या आणि लपवलेल्या बदलांमधला. कागद फाटला असेल तिथे चांगला संपादक जागा मोकळी सोडतो किंवा आपली भर कंसात घालतो, मूळ लेखकाच्या तोंडी आपले शब्द घालत नाही. गाडी विकणाऱ्यानेही तेच करावे. काय बदलले, कधी बदलले, काढलेला भाग कुठे ठेवला आहे, ही वही किल्लीबरोबर द्यावी. रंगाचा डबा कोणत्या साली उघडला हे त्या वहीत नसेल, तर ती गाडी कितीही झळकली तरी सराफाच्या तराजूतल्या पाटलीसारखी वजनावरच जावी.