तबेल्यातून लिहिलेली पत्रे



सूरह अल-माइदाच्या दुसऱ्या आयतीचा एक भाग आपल्यापैकी बहुतेकांना परिचित आहे. सत्कर्मात आणि ईशपरायणतेत एकमेकांचे साहाय्यक व्हावे, असा त्याचा आशय आहे. रक्तदान शिबिर असो, पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करायचे असो, शाळेच्या सेवापथकाचा समारंभ असो, वक्ते याच भागाचा हवाला देतात. त्याला लागूनच आलेला भाग मात्र क्वचितच ऐकू येतो. पापाच्या व अत्याचाराच्या कामी कोणालाही हातभार लावू नये, असा त्याचा आदेश आहे. आणि या दोन्हींच्या आधी, त्याच आयतीत, श्रद्धावंतांना बजावले आहे की ज्यांनी तुम्हाला पवित्र मशिदीपासून रोखले, त्यांच्याविषयीच्या द्वेषानेसुद्धा तुम्ही मर्यादा ओलांडता कामा नये.

हा क्रम विचार करण्यासारखा आहे. परस्पर साहाय्याची आज्ञा एखाद्या निवांत काळातील उपदेश म्हणून आलेली नाही. समोर वैरी उभा आहे, मनात जुना राग आहे, अशा प्रसंगाचा उल्लेख करून अल्लाहने सेवेची शिकवण दिली आहे. म्हणूनच युद्धकाळात शाळकरी मुलामुलींनी कोणती सेवा करावी, कोणाची करावी आणि कोणत्या हेतूने करावी, हा प्रश्न आपल्या धर्माच्या कक्षेबाहेरचा नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग पाहा. उहुदच्या लढाईच्या वेळी हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) चौदा वर्षांचे होते. लढण्याच्या ओढीने ते प्रेषितांसमोर आले, पण त्यांना परत पाठविण्यात आले. पुढे खंदकच्या वेळी ते पंधरा वर्षांचे झाले होते, तेव्हा त्यांना अनुमती मिळाली. मदीनेवर शत्रू चालून आला होता, मुस्लिमांची संख्या शत्रूपेक्षा फार कमी होती, एकेक माणूस मोलाचा होता, तरीही मूल ते मूल, हा भेद प्रेषितांनी (स.) पुसला नाही. त्याच दिवशी हजरत आयशा (रजि.) आणि हजरत उम्मे सुलैम (रजि.) पाठीवरून पाण्याच्या पखाली वाहून जखमींना पाणी पाजत होत्या. हे आपल्याला सांगितले ते हजरत अनस (रजि.) यांनी, जे स्वतः तेव्हा किशोरवयीन होते. हजरत रुबय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांनीही मोहिमांत पाणी देण्याचे आणि जखमींना व मृतांना मदीनेस परत आणण्याचे काम केल्याचे सांगितले आहे. म्हणजे शस्त्रापासून मुलांना दूर ठेवण्यात आले, सेवेची वाट मात्र बंद झाली नाही.

विसाव्या शतकाने हा भेद अनेकदा पायदळी तुडवला. 1945 साली जपानमधील ओकिनावा बेटावर दोन कन्याशाळांमधील 222 विद्यार्थिनी व त्यांचे 18 शिक्षक सैनिकी इस्पितळांत कामाला जुंपले गेले. जमिनीखालच्या गुहांत, तोफांच्या माऱ्यात, त्या मुलींनी जखमींची शुश्रूषा केली, पाणी आणले, मृतदेह पुरले. लढाई हातची गेल्यावर जूनमध्ये त्यांचे पथक अचानक बरखास्त करण्यात आले आणि ज्याने त्याने आपला मार्ग पाहावा असे सांगण्यात आले. त्या 240 जणांपैकी 136 मृत्यू पावले. बहुतेक जणी त्या आदेशानंतरच्या काही दिवसांत. याला सेवा म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. ज्यांनी मुलांच्या निष्ठेचा असा वापर केला, त्यांना अल्लाहपुढे उत्तर द्यावेच लागेल.

त्याच युद्धात अमेरिकेच्या शाळांत सेवेला मोठाच बहर आला होता. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, 1917 साली, तेथे ज्युनियर रेड क्रॉसची स्थापना झाली होती आणि शाळाशाळांतून तिच्या शाखा निघाल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात विद्यार्थी मंडळांनी बचत-तिकिटे विकली, भंगार गोळा केले, शाळेच्या आवारात भाजीपाला पिकवला. एक गोष्ट तर आपल्या मुलांना अवश्य सांगावी. जीवरक्षक जाकिटांत भरण्यासाठी जावा बेटावरून येणारा पांढऱ्या सावरीचा कापूस जपानने ते बेट घेतल्यावर मिळेनासा झाला. तेव्हा अमेरिकेतील मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीड नावाच्या झुडपाच्या शेंगा वेचल्या. हे झुडूप आपल्या रुईच्या नात्यातले. रुईची शेंग फुटून जी ‘म्हातारी’ वाऱ्यावर उडते आणि आपली मुले जिच्यामागे धावतात, तशाच तंतूंनी ती जाकिटे भरली गेली. दोन पिशव्या शेंगांत एक जाकीट होई. कोणाचा जीव घेण्यासाठी नव्हे, बुडणाऱ्याला तरंगता यावे म्हणून केलेले ते श्रम होते.

परंतु ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या मुली या उत्साही शाळांत नव्हत्या. त्या तारेच्या कुंपणाआड होत्या.

19 फेब्रुवारी 1942 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका आदेशावर सही केली आणि पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. गुन्हा कोणताच सिद्ध झालेला नव्हता. चेहरा आणि आडनाव एवढाच पुरावा. कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो येथील मेरी नाकाहारा तेव्हा वीस वर्षांची होती. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच दिवशी तिच्या वडिलांना पोलिसांनी घरातून उचलून नेले. ते नुकतेच शस्त्रक्रियेतून उठलेले आजारी गृहस्थ होते. जानेवारीत त्यांना घरी सोडण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे निधन झाले. नंतर उरलेल्या कुटुंबाची रवानगी सांता अनिता येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली. तेथे हजारो माणसांना घोड्यांच्या तबेल्यांत राहावे लागले होते.

अशा ठिकाणी मेरीने आपल्या रविवारच्या वर्गातील किशोरवयीन मुलींचे एक मंडळ उभे केले. त्यांचे भाऊ, शेजारी अमेरिकी सैन्यात होते. आईवडील कुंपणात आणि मुलगा गणवेशात, अशी ती विलक्षण अवस्था! या मुली त्या जवानांना पत्रे लिहू लागल्या. आरंभी थोडीच नावे होती. पुढे कुटुंबाला आर्कान्सामधील जेरोम छावणीत हलविल्यावरही काम चालू राहिले, इतर छावण्यांतील मुली सामील झाल्या आणि यादी हजारोंवर गेली. मंडळाचे नाव होते ‘क्रूसेडर्स’. हे नाव वाचून मुस्लिम वाचक क्षणभर थबकेल, मीही थबकलो. त्या ख्रिस्ती मुलींच्या मनात त्या नावाचा इतिहास नसावा. अल्लाह नावे पाहत नाही, अंतःकरण पाहतो.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. ज्या राज्याने बापाला मृत्यूच्या दारात ढकलले, त्याच्या सैनिकांना धीर देणारी पत्रे लिहावीत का? छावण्यांतील सर्वांचे उत्तर एक नव्हते. हार्ट माउंटन छावणीतील तरुणांनी आधी आमचे नागरिक हक्क परत द्या, मगच लष्करात येऊ, अशी भूमिका घेतली. 1944 मध्ये त्यांपैकी 63 जणांना एकाच खटल्यात तुरुंगवास झाला. दुसरीकडे जपानी वंशाच्या तरुणांच्या 442 व्या रेजिमेंटने इटली व फ्रान्समध्ये अपार रक्त सांडले. न्यायासाठी तुरुंगात गेलेला भित्रा नव्हता आणि पत्र लिहिणारी मुलगी लाचार नव्हती. तुरुंगात गेलेल्यांना राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1947 साली माफी दिली.

आपल्या घराघरांत हा विषय वेगळ्या स्वरूपात येतो. मुलगी शाळेच्या सेवापथकात नाव देते तेव्हा कोणी म्हणते, अभ्यास सोडून हे कशाला? कोणी हळूच म्हणते, जा बाई, नाव लाग, म्हणजे आपल्याकडे कोणी बोट दाखवणार नाही. पहिल्या वाक्यात आळस आहे, दुसऱ्यात त्याहून मोठा धोका. सूरह अद्-दहरमध्ये गरीब, अनाथ आणि बंदिवानाला अन्न देणाऱ्यांचे वर्णन आले आहे. त्यांची भूमिका अशी की आम्ही केवळ अल्लाहसाठी देतो, तुमच्याकडून मोबदला नको आणि आभारही नकोत. बंदिवान हा शब्द लक्षात घ्या. त्या काळचा बंदिवान बहुधा शत्रुपक्षाचाच असे. जेथे आभारसुद्धा मागायचे नाहीत, तेथे निष्ठेचे प्रमाणपत्र कसे मागणार? आपल्या मुलीने सेवेला जावे ते जखमीला पाणी हवे असते म्हणून. आपले नागरिकत्व सिद्ध करण्यासाठी तिला जावे लागत असेल तर दोष सेवेत नाही, मागणाऱ्यात आहे, आणि त्याविषयी न्याय मागणे हेही सत्कर्मच आहे.

मेरी नाकाहाराने या दोन्ही गोष्टी केल्या. 442 व्या रेजिमेंटचे जवान बिल कोचियामा यांच्याशी 1946 साली तिचा विवाह झाला आणि पुढे जग तिला युरी कोचियामा म्हणून ओळखू लागले. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहत असताना माल्कम एक्स यांच्याशी तिचा परिचय झाला. 21 फेब्रुवारी 1965 रोजी ऑडुबॉन सभागृहात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा लोक जीव वाचवण्यासाठी पळत असताना ती मंचाकडे धावली आणि त्या अखेरच्या क्षणी त्यांचे मस्तक आपल्या मांडीवर घेऊन बसली. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. 1971 मध्ये तिने इस्लाम स्वीकारला व काही वर्षे ती मुस्लिम म्हणून जगली. पुढचा हिशेब तिच्या पालनकर्त्याकडे आहे. तिची सारीच राजकीय मते आपण मान्य करावीत असेही नाही. तिची आठवण मी त्या पत्रांसाठी काढली.

छावण्यांतील अन्यायाबद्दल सरकारने क्षमा मागावी व भरपाई द्यावी, या चळवळीत कोचियामा दांपत्य अनेक वर्षे राबले. 1988 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून औपचारिक क्षमायाचना केली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानास 20 हजार डॉलर देण्याचे ठरविले. तबेल्यात बसून पहिली पत्रे लिहिली गेली, त्याला तेव्हा 46 वर्षे उलटून गेली होती.