ताटातले सत्य

अन्नाचे स्थिरचित्र टिपण्याची कला व्यावसायिक छायाचित्रकाराकडून शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचे पहिले धडे प्रकाशाचे असतात. उजेड समोरून पडला की पदार्थ सपाट दिसतो. बाजूने वा मागून आला की भाताचे शीत न् शीत वेगळे होते, रश्शावरचा तवंग चमकतो. सावली फार गडद वाटली, तर पांढरा पुठ्ठा धरून ती उजळायची. येथवर सारे निरुपद्रवी आहे. पुढचा धडा मात्र कोमेजल्या पाल्यावर तेलाचा हात फिरवण्याचा, आइस्क्रीमऐवजी कुस्करलेला बटाटा मांडण्याचा असतो. मग प्रश्न पडतो : ही विद्या पाहण्याची की फसवण्याची?

मांडणी म्हणजेच असत्य, असे म्हणता येत नाही. विल्यम हेन्री फॉक्स टालबट यांच्या ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ (१८४४–४६) या ग्रंथात करंड्यांत रचलेल्या फळांचे छायाचित्र आहे. ते कोणाला फसवत नाही. कारण ते काही सिद्ध करू पाहत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये, दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीवरील खटल्यात, हाच भेद मानला. आइस्क्रीमच्या जागी ठेवलेला बटाटा गुणवत्तेचा पुरावा म्हणून मांडला जात नसेल, तर तो आक्षेपार्ह नाही. उलट, १९७० च्या सुमारास कॅम्बेल कंपनीच्या जाहिरातीतील सूपच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्याने भाज्या वर आल्या, तेव्हा तेथील व्यापार आयोगाने हरकत घेतली. सूप खरे होते, भाज्याही खऱ्या. खोटे होते ते प्रमाण.

कायद्याची दृष्टी ग्राहकापाशी थांबते. नीतीला अन्नाचाही विचार करावा लागतो. पानात काही टाकू नये, हा संस्कार ज्या समाजात मुलांवर होतो, तेथे रोगण चोपडून अखाद्य केलेला घास चित्रात कितीही रसरशीत दिसला, तरी तो वाया गेलेलाच असतो. ही हानी कोणत्याही खटल्यात मांडली जात नाही. ती शिकवणाऱ्याच्या विवेकावरच सोपवलेली असते. विवेकी गुरू आधी दुय्यम ताट मांडून प्रकाश आणि कोन निश्चित करायला लावतो; मुख्य पदार्थ अखेरीस, ऊन-ऊन आणवतो. त्याचे तेज काही मिनिटेच टिकते. फ्लॅशच्या आणि डिजिटल कॅमेऱ्याच्या आजच्या काळात तेवढा अवधी बहुधा पुरतो. तापत्या दिव्यांची जुनी सबब आता दुबळी झाली आहे. चित्र झाल्यावर तेच ताट कोणापुढे तरी वाढता यावे, एवढे बंधन विद्यार्थ्याने स्वतःवर घालून घेतले, तर बटाटा केव्हा मांडावा आणि केव्हा नाही, हे त्याला न्यायालयाला विचारावे लागणार नाही.