शंकासमाधान : तोरणमाळची गुंफा आणि मेटिओराचा मठ

शंका : शहादा तालुक्यातील एका कुटुंबाने पावसाळ्यात तोरणमाळची सहल काढली, यशवंत तलावाच्या काठी दिवस घालवला आणि परतण्यापूर्वी गोरखनाथांच्या मंदिरात व मच्छिंद्रनाथांच्या गुंफेत दर्शन घेतले. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, सहलीच्या ओघात उरकलेले दर्शन फळत नाही, त्यासाठी महाशिवरात्रीला पुन्हा जावे लागेल. हे खरे मानावे काय?

समाधान : या प्रश्नावर अनेक पुराणांतील वचने एकमेकांविरुद्ध उभी करता येतील, परंतु त्याची गरज नाही, महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेचे प्रकरण एवढे एकच प्रमाण पुरेसे आहे. तेथे पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थांची लांबलचक यादी सांगतात, मात्र ती सांगण्याआधी तीर्थाचे फळ कोणाला मिळते याची अट घालून देतात. ज्याचे हात, पाय आणि मन त्याच्या ताब्यात आहेत, जो दान उकळण्यापासून दूर राहतो, जे मिळेल त्यात संतुष्ट असतो आणि ज्याला अहंकार शिवलेला नाही, त्याला ते फळ मिळते, असा त्या अटीचा आशय आहे. तिच्यात वाहनाचा उल्लेख नाही, मुक्काम धर्मशाळेत केला की विश्रामगृहात याची चौकशी नाही, आणि मनुष्य घरातून निघताना यात्रेचा संकल्प सोडून निघाला होता की तलाव पाहायला निघाला होता, हेही विचारलेले नाही. त्यामुळे सहलीत घेतलेले दर्शन वाया गेले असे म्हणण्यास आधार नाही.

महाशिवरात्रीच्या यात्रेचे मोल याने कमी होत नाही. त्या दिवसांत खानदेशातून, तसेच सीमेपलीकडील मध्य प्रदेश व गुजरातेतून लोक सातपुड्याचा घाट चढून येतात, आणि उपास, चालणे व जागरण यांनी शरीराला जी शिस्त लागते ती गाडीने दोन तासांत वर पोहोचणाऱ्याला लागत नाही. पण ती शिस्त हेच त्या यात्रेचे फळ आहे. पंचांगातील तिथी ओलांडली म्हणून इतर दिवशी देव दर्शन नाकारतो, अशी समजूत करून घेणे म्हणजे देवस्थानाला कचेरीच्या वेळा लावणे होय.

खरा प्रश्न हात, पाय आणि मन यांचा आहे. तोरणमाळ हे अक्राणी तालुक्यातील, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच असलेले पठार थंड हवेचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध असले, तरी नाथ संप्रदायाच्या दृष्टीने ते साधनेचे स्थान आहे. हा संप्रदाय आदिनाथ म्हणजे शिव, त्यांच्यापासून मच्छिंद्रनाथ आणि त्यांचे शिष्य गोरखनाथ अशी परंपरा मानतो, आणि पुढे गहिनीनाथांकडून ती निवृत्तिनाथांना व त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना मिळाली, असे स्वतः ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या अखेरीस नमूद केले आहे. नाथपंथी साधू जेथे राहतो तेथे धुनी असते. धुनी म्हणजे अखंड तेवत ठेवलेला अग्नी, ज्याची राख भस्म म्हणून लावली जाते. त्या अग्नीत कागद, कणसाची साले किंवा सिगारेटचे थोटूक टाकणे, त्याच्याभोवती पादत्राणांसह वावरणे, अथवा ध्यानस्थ बसलेल्या साधूसमोर उभे राहून छायाचित्रे काढणे हा हात, पाय आणि मन या तिन्हींचा एकदम सुटलेला ताबा आहे. गुंफेच्या दगडावर स्वतःचे नाव कोरणाऱ्याने महाशिवरात्रीला शंभर वेळा घाट चढला तरी पुलस्त्यांच्या अटीत तो बसत नाही, आणि सहलीला आलेला जो मनुष्य आत जाताना आवाज खाली आणतो व बाहेर येताना आपला कचरा पिशवीत घालून नेतो, तो बसतो.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने सांगणे आवश्यक आहे, जरी ती विचारलेली नसली तरी. नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येत 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि अक्राणीच्या डोंगरात तर भिल्ल व पावरा समाजाचीच वस्ती आहे. सपाटीवरून वर जाणारे भाविक आणि पर्यटक दोघेही हे पाडे केवळ देखाव्याचा भाग समजतात, कोणाच्या अंगणात गाडी लावतात, कोणाच्या शेतातून वाट काढतात आणि पाड्यावरच्या मुलांच्या हाती खाऊ ठेवून त्यांची छायाचित्रे घेतात. महाशिवरात्रीच्याच सुमारास सातपुड्यातील असंख्य आदिवासी कुटुंबे गुजरातेतील देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या यात्रेला जातात, तिच्यापुढे धान्याच्या टोपल्या ठेवतात आणि आपल्या रीतीने पूजा करतात. त्या पूजेत संस्कृत संकल्प नसतो म्हणून तिला कमी लेखणाऱ्यांची संख्या शहाद्या-तळोद्यात आजही थोडी नाही. ज्याला शेजाऱ्याच्या देवापुढे मान तुकवता येत नाही, त्याने तोरणमाळच्या गुंफेत तुकवलेल्या मानेला फारसा अर्थ उरत नाही.

शंका : अशाच एका डोंगरी देवस्थानात दर्शन घेत असताना एका व्यक्तीने पुढे येऊन सांगितले की, अभिषेक करून ठरलेली दक्षिणा दिल्याशिवाय दर्शन अपुरे राहते आणि त्याचा दोष घरातील मुलांना लागतो. भीतीने पैसे दिले गेले. दिले नसते तर दोष लागला असता काय?

समाधान : लागला नसता. उलट, दोष लागलाच असेल तर तो मुलांच्या नावाने आईबापांना भिवविणाऱ्याला लागला आहे.

दक्षिणा हा विधी करविणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला आहे. ज्याने पूजा सांगितली, ज्याने पहाटे उठून देवस्थान झाडले व दिवा लावला, त्याला यथाशक्ती द्यावे. त्यात कृपणता करणेही चांगले नाही. परंतु न मागितलेला विधी गळ्यात घालणे, त्याचा दर आधीच ठरविणे, आणि दर न परवडणाऱ्याला शापाची भीती दाखविणे याला दक्षिणा म्हणत नाहीत. पुलस्त्यांच्या अटीत प्रतिग्रहापासून, म्हणजे दान घेण्याच्या हावेपासून, दूर राहणे हे यात्रेकरूलासुद्धा सांगितले आहे. मग जो तीर्थावर बसून यात्रेकरूची वाट पाहतो त्याच्यावर हे बंधन किती अधिक असले पाहिजे? त्याच प्रकरणात असेही स्पष्ट म्हटले आहे की, यज्ञ हे राजांचे व धनवानांचे काम, कारण त्याला पुष्कळ साधनसामग्री लागते, आणि म्हणूनच दरिद्री माणसालाही करता येईल असे तीर्थगमन ऋषींनी यज्ञाच्या तोडीचे, किंबहुना त्याहून वरचढ मानले. ज्या साधनाची योजनाच मुळी गरिबांसाठी झाली, त्याच्या दारात दरपत्रक लावणे हा त्या साधनाचाच निषेध आहे. गर्दी आवरण्याच्या सबबीखाली काही मोठ्या देवस्थानांत जलद दर्शनासाठी पैसे घेण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिचेही समर्थन या प्रमाणाने होऊ शकत नाही. रांगेत सहा तास उभी असलेली म्हातारी आणि पैसे भरून बाजूच्या दाराने आत गेलेला मनुष्य यांत तीर्थाचे फळ कोणाला, हे पुलस्त्यांना विचारावे लागत नाही.

नाथपंथाच्या स्थानांत तर हा प्रकार विशेष विसंगत ठरतो. शके 1741 म्हणजे इ. स. 1819 मध्ये धुंडीसुत मालू यांनी रचलेला नवनाथ भक्तिसार हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ मराठी घरांत श्रावणात वाचला जातो, आणि त्यातील सोन्याच्या विटेची कथा बहुतेकांना पाठ असते. स्त्रीराज्यातून परतताना मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती, आणि शिष्य असलेल्या गोरखनाथांनी ती गुरूला न विचारता फेकून दिली. ज्या गोरखनाथाने गुरूच्या झोळीतील सोनेसुद्धा साधनेला बाधक ठरवले, त्याच्या नावाने भाविकाच्या खिशाकडे हात नेणारा मनुष्य कोणत्या परंपरेचा, याचा विचार ज्याने त्याने करावा. अशा वेळी यात्रेकरूने वाद घालू नये, पण पैसेही देऊ नयेत. देवाला नमस्कार करून दानपेटीत स्वेच्छेने जे टाकायचे ते टाकावे आणि बाहेर पडावे. भीतीपोटी दिलेल्या पैशाने ती प्रथा पुढच्या वर्षी आणखी पक्की होते.

शंका : नंदुरबारच्या एका कुटुंबातील मुलगा युरोपात नोकरीस आहे आणि आईवडिलांना ग्रीसमधील मेटिओराचे मठ दाखविण्यास नेणार आहे. तेथे डोके झाकणे, मेणबत्ती लावणे वगैरे केल्यास स्वधर्माला बाध येतो काय?

समाधान : मेटिओरा हे ग्रीसच्या थेसली प्रांतातील कलंबाका गावाजवळचे, उभ्या सुळक्यांच्या माथ्यावर बांधलेल्या ख्रिस्ती मठांचे स्थान आहे. हे मठ ऑर्थोडॉक्स पंथाचे, म्हणजे 1054 मध्ये रोमच्या पोपपासून वेगळ्या झालेल्या पौर्वात्य ख्रिस्ती शाखेचे आहेत. चौदाव्या शतकात अथानासिओस या संन्याशाने तेथे मोठा मठ स्थापला. एकेकाळी चोवीस असलेल्या मठांपैकी आज सहा नांदते आहेत आणि त्यांतील दोन साध्वींचे आहेत. विसाव्या शतकात पायऱ्या खोदल्या जाईपर्यंत संन्यासी दोरीच्या जाळ्यात बसून अथवा शिड्यांनी वर जात. युनेस्कोने 1988 मध्ये या स्थानाची जागतिक वारसायादीत नोंद केली. ज्यांना हे फार परके वाटते त्यांनी गोव्याचे आल्वारिस मार ज्युलियस यांचे नाव लक्षात ठेवावे. कॅथलिक पाद्री असलेले हे गोमंतकीय 1889 मध्ये भारतातील सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत बिशप झाले, आणि गरीब व रुग्ण यांच्या सेवेत आयुष्य घालवून 1923 मध्ये रायबंदर येथे वारले. त्यांची शाखा ग्रीसच्या शाखेहून निराळी आहे, तरीही संन्यास, उपास आणि मूर्तिचित्रांचा आदर या गोष्टी दोहोंत समान आहेत.

आता वर्तनाविषयी. अजिंठ्याच्या लेण्यांत एकेकाळी भिक्षू राहत होते, आज ते तेथे नाहीत, म्हणून तेथील नियम मुख्यतः चित्रांच्या रक्षणाचे आहेत. मेटिओराच्या मठांत मात्र संन्यासी व साध्वी आजही राहतात, आणि म्हणून तेथील नियम यजमानांचे नियम आहेत. पुरुषांनी पूर्ण लांबीची विजार घालावी. स्त्रियांनी खांदे झाकलेले ठेवावेत आणि घोळदार लांब वस्त्र नेसावे. साडी नेसणाऱ्या मराठी स्त्रीला यात काहीच नवे करावे लागत नाही. विजार घातलेल्या स्त्रियांना गुंडाळण्यासाठी वस्त्र बहुधा प्रवेशद्वारापाशी मिळते. मंदिराच्या आत छायाचित्रे काढण्यास मनाई असते. ही सर्व बंधने पाळल्याने कोणाचाही स्वधर्म बुडत नाही, कारण पुलस्त्यांची अट या देशात जी आहे तीच त्या देशात आहे.

मेणबत्ती लावण्यास हरकत नाही; समई लावणाऱ्या हातांनी दुसऱ्याच्या देवापुढे ज्योत लावली तर त्यात भ्रष्ट होण्यासारखे काही नाही, मात्र मनात नमस्कार नसेल तर केवळ छायाचित्रासाठी ती लावू नये. क्रुसाची खूण करणे आवश्यक नाही, आणि मनात भाव नसताना तिचे अनुकरण करणे यजमानांना अवमानकारक वाटू शकते. उपासनेच्या वेळी पवित्र केलेली भाकर व द्राक्षारस देण्याचा जो विधी होतो, तो केवळ त्या पंथाचा बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. आपल्याकडील प्रसादाप्रमाणे तो समजून पाहुण्याने हात पुढे करू नये. संतांच्या चित्रांची जी भिंत मंदिराच्या पुढच्या भागात असते, तिच्यापलीकडे वेदी असते व तेथे पाहुण्याने जावयाचे नसते. निघण्यापूर्वी एवढेच तपासून घ्यावे की, मठ आठवड्यातील ठरावीक वारी बंद असतात, ते वार मठागणिक वेगळे आहेत आणि उन्हाळा व हिवाळा यांप्रमाणे बदलतात.