धार कोणाची?

लोहार विळा घडवितो, कोयताही घडवितो. त्या पात्याने पुढे ज्वारी कापली की कुणाचा गळा, याचा जाब त्याला विचारावा काय?

२०२३ पासून जिल्ह्याचे गाव झालेल्या आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर सावरगावशी गोटमार होते. डोकी फुटतात, माणसे दगावलीही आहेत. पण ते गोटे कोणत्या भट्टीतून निघाले? उलट नदीतले झेंड्याचे पळसाचे झाड तोडले की खेळ संपतो, आणि त्याला लागते ती लोहाराची कुऱ्हाड! तेव्हा लोखंडाला दोष देऊन भागत नाही.

म्हणून लोहार मोकळा झाला काय? नाही. पोलादी पात्याला नुसते पाणी दिले तर ते कठीण होते, पण ठिसूळही. पुन्हा बेताने तापवावे, तेव्हा चिवटपणा येतो. तेवढे त्याच्या हाती असते. शिवाय बलुतेदार लोहार गिऱ्हाइकाला ओळखत असे. संतापलेला हात दारी आला तर भाता थांबवू शके. सौंसरच्या बाजारात कारखान्याचे पाते विकणाऱ्याला ते कसे साधावे?

आम्ही शिक्षकही धारच लावतो. शेकडो मुले दरवर्षी बाहेर पडतात. त्यांची बुद्धी तल्लख केली. ते दुसरे तापविणे मात्र कोणत्या तासिकेत बसते, हे वाचकांनीच सांगावे.