दुसरी बंदूक

लोट्यास आमच्या घरी गेल्या भाद्रपदात एक प्रश्न निघाला. तो दिसावयास इतका व्यावहारिक होता की, त्यावर पुढे निबंध लिहावा लागेल असे कोणी म्हटले असते तर आम्ही हसलो असतो. प्रश्न एवढाच की, पुढची बंदूक कोणती घ्यावयाची? घरी एक ठासणीची आहे. आमच्या आजोबांच्या नावावर होती, ती आता काकांच्या परवान्यावर आहे. तिच्या जोडीस दुसरी घ्यावी हे ठरल्यासारखेच होते. कोणती, एवढेच उरले होते. आणि त्या 'एवढ्या'तच सारे होते हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

मुंबई-गोवे रस्त्याने जाणाऱ्यांस लोटे हे नाव कारखान्यांमुळे परिचित असेल. खेड मागे टाकून परशुरामाचा घाट उतरण्यापूर्वी रस्त्याच्या कडेने रासायनिक कारखान्यांची वसाहत लागते, आणि वारा पडला असल्यास नाकासही तिची ओळख पटते. परंतु त्या वसाहतीच्या पाठीमागे अजून वाड्या आहेत, भाताची खाचरे आहेत, काजूची व आंब्याची कलमे आहेत. पूर्वी माणसे मुंबईस जात, आता कारखान्यांतही जातात. जमिनी पडीक राहिल्या, त्यांवर रान माजले, आणि रानाबरोबर रानडुक्कर थेट परसापर्यंत आले. भाताचा दाणा दुधात असतानाच त्यास वास लागतो. एका रात्रीत कळप जितके खातो त्याच्या कितीतरी पट तुडवितो. चार महिने गुडघाभर चिखलात काढून सकाळी ते लोळविलेले खाचर पाहणाऱ्या माणसापुढे भूतदयेवर व्याख्यान देण्यास जो तयार असेल, त्याने आधी एक रात्र खोपीत काढून पाहावी. आम्ही स्वतः शहरात राहणारे, सुटीपुरते शेतकरी. म्हणून हे आम्ही प्रथम स्वतःलाच सांगतो.

बंदुकीविषयी आपल्या देशात विचार झाला तो बहुधा हक्काच्या भाषेत. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने सरकारने प्रजेला निःशस्त्र केले, ह्याचा सल आमच्या वाडवडिलांच्या मनात खोल होता. 1931 साली कराचीच्या काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांस धरून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. आणि 1948 च्या डिसेंबरात घटना समितीत श्री. हरि विष्णु कामत ह्यांनी त्याची आठवण देऊन तो घटनेत यावा म्हणून सूचना मांडली. ती मान्य झाली नाही. पुढे 1959 चा कायदा आला. आज चालतो तो तोच. त्यात एक तरतूद अशी आहे की, ती वाचून आम्हांस आमच्या ओसरीवरचाच संवाद कोणी लिहून घेतला की काय असे वाटले. खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी परवाना द्यावयाचा तो ठासणीच्या बंदुकीचा. आणि ती पुरेशी होणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. शिवाय पूर्वी एका माणसास तीन शस्त्रे ठेवता येत. 2019 च्या दुरुस्तीने ती दोनांवर आली. म्हणजे काकांची पुढची बंदूक हीच त्यांची शेवटचीही ठरण्याचा संभव अधिक.

'ठासणीची पुरेशी नाही' ह्याविषयी अधिकाऱ्याची खात्री पटविणे ही एक गोष्ट. स्वतःची पटविणे ही दुसरी. काकांची पटली होती, आणि ज्या रात्री ती पटली त्या रात्री आम्ही त्यांच्याजवळच होतो.

त्याला आता चार वर्षे झाली. पाऊस उघडला होता, चांदणे नव्हते. खालच्या खाचराकडून खसखस ऐकू आली, तेव्हा काकांनी नेहमीप्रमाणे एक बार हवेत काढला. पलीकडे धावपळ झाली, मग सारे शांत. काका पुन्हा बंदूक भरू लागले. ज्यांनी ही क्रिया पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: आधी मापाने दारू नळीत ओतावयाची, त्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा गजाने ठासावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा गज, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवावयाची. अंधारात, ओल्या हातांनी, हे काम घाईने होत नाही. इतक्यात बांधाजवळ, पूर्वीपेक्षा पुष्कळच जवळ, पुन्हा खसखस झाली. काका दातांत शिवी चावीत गज चालवू लागले. गज नळीत असतानाच ते रानडुक्कर खोकले.

तो कारखान्यातील दुसरी पाळी संपवून, बांधावरच्या आडवाटेने घरी चाललेला आमच्याच वाडीतला एक गडी होता. विजेरीचे सेल संपले म्हणून अंधारातच चालला होता. काकांनी त्यास हाक मारली, त्याने ओ दिली, दोन शब्द बोलून तो गेला. त्यास काही कळलेही नाही. कोकणात सावज समजून माणसावरच बार झाल्याच्या बातम्या आपण दर काही वर्षांनी वाचतो आणि पान उलटतो. त्या रात्रीपासून आम्हांस ते पान उलटता येत नाही.

परंतु विचित्र गोष्ट पुढेच आहे. त्या एकाच प्रसंगापासून काकांनी एक धडा घेतला आणि आम्ही अगदी उलट. ते म्हणाले, "अरे, ते खरोखरच डुक्कर असते तर हातचे गेले असते. दुसरा बार तयार पाहिजे. दुनळी घेऊ या." आणि आम्हांस वाटत होते की, दुनळी असती तर तो दुसरा बार आम्ही जन्मभर विसरू शकलो नसतो. दोघेही एकाच खोपीत बसलो होतो, एकच खोकला ऐकला होता.

तेव्हापासून घरात याद्या होऊ लागल्या. पुण्याच्या चुलतभावाने ईशापूरच्या कारखान्याच्या बारा बोअर पंप-बंदुकीची शिफारस केली. (बारा बोअर हा शब्द सारेच वापरतात, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, हे आम्हांसही ह्याच निमित्ताने कळले.) एका स्नेह्याने 0.315 इंची रायफलीचे गुण गायिले. आणि कोणीतरी, थट्टेत की खरेपणी कोण जाणे, कानपूरच्या सरकारी कारखान्यातील 0.32 इंची रिव्हॉल्व्हर सुचविले: "दिवस वाईट आहेत, घरी म्हातारी माणसे दोघेच."

ह्या तिन्ही नावांवर विचार करता आम्हांस असे आढळले की, आपण बंदूक निवडीत नसतो; तिच्या नळीपुढे कोणाला उभे करावयाचे ते निवडीत असतो. रिव्हॉल्व्हरने भात राखता येत नाही. ते घेणाऱ्याने मनात एक माणूस उभा केलेला असतो, आणि तो कोण, हे स्वतःस विचारल्यावाचून दुकानाची पायरी चढणे हे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्यास खरोखर कोणी जिवावर उठले आहे त्याचे उत्तर निराळे असेल. त्यास आम्ही भित्रा म्हणणार नाही. आमच्या काकांना मात्र तो माणूस वर्तमानपत्रातून आणावा लागत होता. रायफलीची अडचण निराळी. छर्र्यांचा जोर पन्नास-साठ यार्डांत पुष्कळ ओसरतो, जरी धोका त्यापुढेही उरतोच. रायफलीची गोळी मैलाहून अधिक जाते. आमच्या भागात वाडीला वाडी लागून आहे, आणि झाडी इतकी की पलीकडचे कौलही दिसत नाही. जेथे नजर चाळीस पावलांवर अडते, तेथे मैलभर जाणारी गोळी सोडणे म्हणजे न पाहिलेल्या माणसांविषयी निर्णय करणे होय.

उपकरण मनुष्याच्या मनावर उलट कसे चालून येते ह्याचे एक उदाहरण ह्या संदर्भात वारंवार आठवते. जॉर्ज ऑर्वेल ह्या इंग्रज लेखकाने 1936 साली एक निबंध लिहिला. ब्रह्मदेशात, ज्याचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत कैदेत राहून येथेच 1916 साली वारला त्याच ब्रह्मदेशात, ऑर्वेल पोलीस अंमलदार असता एक पिसाळलेला हत्ती सुटला. आरंभी त्याच्या हाती होती ती लहान बंदूक, आवाज करण्यापुरती. मग स्वसंरक्षणार्थ म्हणून त्याने हत्ती मारण्याची मोठी रायफल मागविली. ती हातात दिसताच मागे जमाव लोटला. आणि हत्ती शांत होऊन गवत खात असताही, मारावयाची इच्छा नसताही, त्या रायफलीने व त्या जमावाने मिळून त्याच्याकडून तो मारविला. लहान बंदूकच हाती राहिली असती तर तो प्रश्नच उद्भवला नसता.

आणि कायदा पाहू जाता आम्हांसही लागते ती आवाजापुरतीच बंदूक, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे उभ्या पिकास उपद्रव देणारे जनावर मारावयाचे झाल्यास अधिकाऱ्याची लेखी आज्ञा लागते. ती हाती नसेल तर हवेत बार काढणे एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. येथे काकांचा आक्षेप असा, आणि तो खरा आहे, की डुकरांस चार दिवसांत आवाजाची सवय होते. निवडणुका लागल्या आणि बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, त्या हंगामात आम्ही डबे बडवून राखण केली. आठवडाभर डुकरे बिचकली, मग डब्याच्या तालावर चरू लागली. ते नुकसान आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग ठासणीचीच बरी असे म्हणून आम्ही स्वस्थ का बसलो नाही? एके काळी आमचा तोच विचार होता. तिचा संथपणा हीच तिची नीती, असे आम्ही काकांस मोठ्या ऐटीत सांगितलेही. त्यांनी एकाच प्रश्नात आमची ऐट उतरविली. ते म्हणाले, "त्या रात्री तो वाचला, पण बंदूक भरून झाली होती. ती रिकामी कशी केली, आठवते?" आठवत होते. केप काढली तरी ठासलेली दारू आत राहतेच. ती सहजासहजी परत काढता येत नाही, बार काढूनच संपवावी लागते. त्या रात्री मध्यरात्र उलटलेली, घरात आजारी माणूस, म्हणून काकांनी ती भरलेलीच आणून माजघराच्या कोपऱ्यात उभी केली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची मुले त्याच कोपऱ्यात लपंडाव खेळत होती. शिवाय, ज्या संथपणाने तो गडी वाचला तो बंदुकीचा होता, आमचा नव्हे. आमचे हात जितके वेगाने चालू शकत होते तितक्या वेगाने चाललेच होते. मंदगती हत्याराने टाळलेल्या हत्येचे श्रेय हत्यार धरणाऱ्याने घ्यावे, हे आम्हांस लज्जास्पद वाटू लागले.

महाभारतात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघांनीही ब्रह्मास्त्र सोडले. व्यासांनी मागे घेण्यास सांगताच अर्जुनाने आपले मागे घेतले. अश्वत्थाम्यास ते साधेना, आणि त्याचे अस्त्र अखेर उत्तरेच्या उदरातील गर्भावर जाऊन पडले. शस्त्राविषयी आपण नेहमी विचारतो ते हे की, ते किती दूर जाते, किती वेळा सुटते, किती जोराने लागते. परत घेता येते काय, हा प्रश्न दुकानात कोणी विचारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. ठासणीची संथ खरी. पण भरल्यानंतर ती अश्वत्थाम्याच्याच जातीची. काडतुसाच्या बंदुकीची नळी मोडून काडतूस तळहातावर घेता येते, आणि मग हाती उरतो तो लोखंडाचा व लाकडाचा एक दांडा.

ह्या वाटेने आम्ही दोघे एकनळीपाशी येऊन पोहोचलो. बारा बोअर, मोडून भरावयाची, एका वेळी एकच काडतूस. काकांना त्यात ठासणीहून वेग मिळाला. आम्हांस परत घेण्याची सोय मिळाली, आणि दुसरा बार आपोआप हाताशी नसण्याचीही. काका अद्याप म्हणतात की हा तडजोडीचा सौदा आहे, आणि दुनळी ती दुनळीच. आम्ही वाद घालीत नाही, कारण खाचर त्यांचे आहे आणि रात्रीही त्यांच्याच आहेत. आमचे एकच मागणे त्यांनी मान्य केले: आधी विजेरी, मग हाक, आणि मग बंदूक. हे मागणे बंदुकीच्या जातीवर अवलंबून नाही, म्हणून ते पाळणे सर्वांत कठीण. थकलेल्या, चिडलेल्या, पीक गमावलेल्या माणसास पहाटे तीन वाजता तो क्रम आठवेल काय, ह्याची हमी कोणताही कारखाना देत नाही.

अर्ज रत्नागिरीस गेला आहे. ठासणीची पुरेशी का नाही ह्याचे कारण लिहिताना काकांनी आमच्याकडे पाहिले आणि लिहिले, "रानडुकरांचा उपद्रव." ते खरेच आहे. त्यानंतर दोन दिवसांनी तो गडी ओसरीवर आला होता. त्यास त्या रात्रीचे आता कळले आहे, काकांनीच एकदा सांगून टाकले. पाळीवरून येताना हल्ली तो बांधावर पाय ठेवण्यापूर्वी मोठ्याने खोकतो. बंदुकीचा विषय निघताच त्याने विचारले, "कोणती घेताय मग?" काकांनी सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, आणि मग एका वेळी तिच्यात किती काडतुसे राहतात ते त्याने विचारले.